काकी, तुम्ही पडला नाहीत

काकी, तुम्ही पडून गेला नाहीत. बाकी काही लिहिण्याआधी हे लिहून टाकते, कारण घोडेगावच्या बाजारात वेगळंच बोललं जातंय. परवा पिठाच्या गिरणीत एक जण माझ्यादेखत म्हणाला, "त्या पोरीनं म्हाताऱ्या बाईला कसरती करायला लावल्या, गेली बिचारी." मी दळणाचा डबा तिथंच ठेवून त्याच्याशी भांडले. तुम्ही दुपारी जेवून आडव्या झालात, झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं, हे सगळं त्याला ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई, बरं." भांडण जिंकून मी घरी आले आणि डबा खाली ठेवून तिथंच बसले. मी अशी जिंकून आले की तुम्ही विचारायचात, "मंग? काय मिळालं?" या वेळी विचारायला कुणी नव्हतं.

तुम्ही माझ्या नात्यातल्या नव्हतात. मी शेतकऱ्याच्या घरातली, आणि तुमचं बाजारपेठेतलं किराणा दुकान. आमच्या घरात बाकी काही नसलं तरी पत्रकं असायची. वडील धरणाखाली जमिनी गेलेल्यांची पत्रकं काढायचे, मजुरीच्या दराची काढायचे, दारूच्या दुकानाविरुद्धची काढायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्यामुळे जगात काही चुकीचं दिसलं की मला आधी मथळा सुचतो. तुम्ही त्याला माझा आजार म्हणायचात.

पहिल्या दिवशीही मी पत्रक घेऊनच आले होते. ग्रामीण भागात आठवड्यातून एकदा येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमच्या हाताखाली मी तेव्हा नुकतीच काम शिकायला लागले होते. म्हाताऱ्या माणसांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, एवढाच त्या पत्रकाचा विषय. मथळा मात्र माझा होता: 'बसून राहू नका, उभे राहा!' ते तुमच्या दुकानाच्या खांबाला चिकटवायचं होतं. तुम्ही गल्ल्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होतात आणि एका हातानं तोच खांब धरला होतात. बसल्या जागी खांब धरणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. तुम्ही मथळा वाचलात आणि म्हणालात, "बसलेय म्हणून वाचता तरी येतंय. उभी असते तर वाचलं असतं का?"

मी विचारलं, "खांब का धरलाय?"

"त्यो पडंल म्हणून."

त्या उत्तरावर मी हसले आणि त्या हसण्यातच आपली ओळख झाली. मग कळलं की दीड वर्षापूर्वी तुम्ही न्हाणीघरात घसरला होतात. मनगट मोडलं, प्लास्टर झालं, दोन महिन्यांत हाड सांधलं. तेव्हापासून तुम्ही सोबतीशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आंघोळीला गेलात की तुमच्या सूनबाई सुनीतावहिनी दाराबाहेर उभ्या. खोलीतून खोलीत जाताना हात भिंतीवरून सरकत जायचा. भिंतीच्या रंगावर त्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. आणि प्रकाशभाऊंसारखा मुलगा. तुम्ही नुसत्या हललात तरी म्हणायचे, "आई, बस तू, मी देतो." पाणी देतो, चष्मा देतो, जपाची माळ देतो. त्या घरात तुमच्यावर कुणी कमी प्रेम करत नव्हतं. त्या प्रेमानंच तुमच्या पायांतलं बळ काढून घेतलं होतं, आणि मला त्याचा इतका राग आला की त्याच दिवशी दुसऱ्या पत्रकाचा मसुदा मी मनात लिहायला घेतला. भीतीमुळे माणूस बसतं, बसल्यानं पाय दुबळे होतात, पाय दुबळे झाले की खरंच पडायला होतं, आणि मग भीती बरोबरच होती असं वाटतं. मॅडमनी मला हे चार वाक्यांत शिकवलं होतं. तुमच्या घरात मी ते प्रत्यक्ष पाहिलं.

तुम्हाला मात्र ना पत्रक पटलं ना मथळा. तुम्हाला एकच गोष्ट हवी होती. "मला बाजारात जायचं नाय, देवदर्शनाला डोंगर चढायचा नाय. मला फकस्त संवत्सरीला उभं राह्यचंय." पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमच्या जैन स्थानकात सगळ्या बायका प्रतिक्रमणाला बसतात, वर्षभराच्या चुका आठवतात. त्यात मध्ये उभं राहायचं असतं, हात दोन्ही बाजूंना सोडून, कशालाही न धरता, न हलता, बराच वेळ. देह आपला नाही असं समजून सोडून द्यायचा. तुम्ही त्याला काउसग्ग म्हणायचात. पडल्यापासून ते तुम्ही मागच्या ओळीत खुर्चीवर बसून करत होतात. मी म्हणाले, "मग बसून चालत नाही का? देव काय बघायला येतोय?"

"चालतं. सगळे म्हणत्यात चालतं." मग म्हणालात, "पण खुर्चीत बसून देह सोडता येत नाय गं. त्यो खुर्चीनंच धरलेला असतो."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. तुम्ही व्यायामाला तयार झालात, एवढंच कळलं.

वर्ग तुमच्याच दुकानामागच्या गोदामात भरायचा, सोमवारी आणि गुरुवारी, दुकान दुपारी बंद असताना. तांदळाची पोती दोन्ही बाजूंना लावून आपण मधे गल्ली केली होती, तोल गेला तर हात टेकायला. मॅडमनी आधी सगळ्यांचं ब्लडप्रेशर पाहिलं, डोळे पाहिले, कोण कोणती गोळी घेतं ते विचारलं. तुमची झोपेची गोळी डॉक्टरांकडून त्यांनीच कमी करवून घेतली. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं, टाच उचलून उभं राहणं, खडूच्या रेघेवर एका पावलापुढं दुसरं पाऊल लावत चालणं. पहिल्या आठवड्यात तुम्ही त्या रेघेवर तीन पावलं चाललात आणि म्हणालात, "जुन्या तराजूसारखं झालंय. एका पारड्यात पासंग टाकावा लागंल."

ठकूबाई मळ्यातून यायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण जिभेला वय नाही. तुम्हाला चिडवण्यात त्यांचा अर्धा व्यायाम व्हायचा. "काय शेठाणी, चालताय का रांगोळी काढताय?" आणि तुम्ही म्हणायचात, "ठके, तू आधी वाकून दाखव, मंग बोल." मी एकदा सगळ्यांना विचारलं होतं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. माझी अपेक्षा होती की मळ्यातल्या बायका बिबट्या म्हणतील. त्या महिन्यात उसातनं रोज कुठं ना कुठं दिसत होता. ठकूबाई म्हणाल्या, "बिबट्या परवडला. त्यो निदान गुरगुरतो. मला आमच्या संडासाची फरशी खाती." सगळ्या हसल्या. तुम्ही हसता हसता पदरानं डोळे पुसलेत. आपल्यासारखंच दुसऱ्या कुणालाही वाटतं, हे तुम्ही दीड वर्षात पहिल्यांदा ऐकत होतात.

मला सगळ्यात प्रिय दिवस आहे जमिनीवरून उठायचा. मॅडमचं म्हणणं होतं, पडूच नका असं सांगून उपयोग नाही. पडल्यावर एकटीला उठता येतं हे अंगाला माहीत असलं की भीती निम्मी होते. तुम्ही सतरंजीवर आडव्या झालात आणि वर छताकडे बघत म्हणालात, "दुकानदाराची बायको अन् पोत्यासारखी पडलीय. प्रकाशनं पाहिलं तर वजनच करंल." मग कुशीवर वळलात, कोपर टेकलंत, गुडघ्यावर आलात, खुर्ची धरलीत. उठायला किती तरी वेळ लागला. उभ्या राहिलात तेव्हा कपाळावर घाम होता आणि तोंडावर असं हसू, की त्या क्षणी मी मनात म्हणाले, यासाठी मी जन्मभर हेच काम करीन. ते मी तुम्हाला कधी बोलले नाही. मी तेव्हा म्हणाले, "छान. आता दुसऱ्या बाजूनं."

भांडण कशावरून झालं ते इथं लिहायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे मी काढलेलं आणखी एक पत्रक होईल.

पहिली ठिणगी काउसग्गाचीच. तुम्ही आता खडूची पूर्ण रेघ चालत होतात, एका पायावर थोडा वेळ उभ्या राहत होतात. मला वाटायचं, ही बाई आता बाजारात यावी, ग्रामसभेत यावी, उभी राहून बोलावी. आणि तुमचं आपलं एकच. मी एक दिवस चिडून म्हणाले, "एवढा वर्षभराचा खटाटोप कशासाठी, तर खांबासारखं न हलता उभं राहण्यासाठी? पुरुषांनी लिहिलेल्या पोथीपुढं?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तू मला उभं केलंस, लई उपकार झाले. पण उभं राहून कुठं जायचं, काय करायचं, ते पण तूच ठरवणार व्हय? प्रकाश म्हणतो बस. तू म्हणतीस चल. मंग तुझ्यात अन् प्रकाशमधी फरक काय ऱ्हायला?"

मी लगेच पुढच्या वर्गाचा विषय काढला.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पर्युषणाच्या आधी मी ते दुसरं पत्रक छापलं आणि बाजाराच्या दिवशी वाटलं. त्यात तुमचं पूर्ण नाव होतं, वय होतं, तुम्ही न्हाणीघरात पडलात हे होतं, आंघोळीला सून दाराबाहेर उभी राहायची हेही होतं. मग शेवटी ठळक अक्षरांत, आज त्या स्वतः चालतात. तुम्हाला मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज मला वाटली नाही. वडिलांनी लहानपणापासून एकच शिकवलं होतं: पत्रकात खरं नाव, खरं गाव घाल, नाव नसलं की लोक थाप समजतात. जमीन गेलेल्या माणसाचं नाव आम्ही असंच छापायचो आणि तो माणूस ते पत्रक घडी करून खिशात ठेवायचा. न्हाणीघर ही काही जमीन नव्हे, हे मला कळायला हवं होतं.

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं ते पत्रक तुमच्यासमोरच वाचलं. संध्याकाळी तुम्ही मला बोलावून घेतलंत. ते पत्रक तुमच्या मांडीवर होतं. "माझं पडणं तू बाजारात वाटलंस गं."

"काकी, तुमच्यामुळं दहा बायका वर्गाला येतील. नाव नसतं तर कुणी विश्वास ठेवला नसता."

"मंग तुझं टाकायचं. तू कधी पडलीच नायस का?"

पडले होते, काकी. आळेफाट्याला एका सभेत भाषण करून उतरताना स्टेजच्या पायरीवरून सगळ्यांसमोर पडले, गुडघा फुटला, हसत उठले आणि आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्हालाही सांगितलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं काहीसं बोलून मी निघून आले. तत्त्व माझं होतं आणि न्हाणीघर तुमचं.

त्यानंतर तुम्ही वर्गाला आला नाहीत. मीही बोलवायला आले नाही. मान माझाही होता ना. या लेखात तुमचं नाव नाही. ओळखणारे ओळखतीलच, म्हणून वहिनींना आणि प्रकाशभाऊंना आधी सगळं वाचून दाखवलंय. पण तुम्हाला विचारायचं राहिलं ते राहिलंच.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या दारात उभ्या होतात. मी खाली बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. त्या दिवशी तुमच्यातलं प्रत्येक माणूस ओळखीच्यांची क्षमा मागतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुम्ही हात जोडलेत. "वर्षभरात कळत नकळत तुझं मन दुखावलं असंल, तर मिच्छामि दुक्कडम्, पोरी."

मी उठून दारात आले आणि म्हणाले, "काकी, असली घाऊक माफी मला नको. सगळ्या गावाला एकच वाक्य. नक्की कशाबद्दल ते सांगा. आणि चूक तुमची होती की माझी, ते तरी ठरू द्या."

खरं सांगू? वाक्य तयार होतं. चार दिवस आधीच तयार करून ठेवलं होतं, तुम्ही फोन कराल असं धरून.

तुम्ही जोडलेले हात खाली घेतलेत. "बरं. सांगीन कवातरी." आणि वळलात. मला वाटलं, कोपऱ्यावर प्रकाशभाऊ स्कूटर घेऊन थांबले असतील. मी पुन्हा घड्या घालायला बसले.

त्यानंतर बाराव्या दिवशी तुम्ही गेलात.

भेटायला आले तेव्हा वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. त्या म्हणाल्या, "तुमचा वर्ग सोडला तरी व्यायाम नाय सोडला आईंनी. कपाटाला धरून, रोज. मला म्हणायच्या, त्या पुढारणीला सांगू नको." मग संवत्सरीचं सांगितलं. तुम्ही खुर्ची घेतलीच नाहीत. सगळ्यांबरोबर उभ्या राहिलात, हात सोडून, भिंतीपासून लांब. वहिनी शेजारीच होत्या. डोळे मिटायचं सोडून त्या तुमच्या पायांकडं बघत राहिल्या. पाय हलले नाहीत. त्या म्हणाल्या, "आई एवढ्या शांत मी कधी पाहिल्या नव्हत्या."

"आणि दुसऱ्या दिवशी तर कमालच," वहिनी म्हणाल्या. "मी स्वैपाकात, हे दुकानात. आई घरात नाहीत. शोधतोय तर समोरून येतायत. म्हटलं कुठं गेला होतात? म्हणाल्या, पुढारणीकडं जाऊन आले. म्हटलं एकट्या? तर म्हणाल्या, मंग काय मिरवणूक काढायची?"

मी विचारलं, "अजून काय म्हणाल्या?"

"विचारलं ना मी, काय म्हणाली ती. म्हणाल्या, चहाला बस बस करत व्हती, मलाच घाई व्हती."

काकी, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागून चोवीस तासही झाले नव्हते, आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात.

तिथून निघून मी तुमच्या दारापासून आमच्या दारापर्यंत तुमच्यासारखी चालत आले. रोजचा रस्ता आहे, मी तो पाच मिनिटांत तुडवते. त्या दिवशी पाहिलं. तुमच्या दुकानाची उंच पायरी, तिला कठडा नाही. गटारावरची फरशी, पाय ठेवला की डुगडुगते. एसटीच्या वळणावर जीपगाड्या कुठूनही येतात आणि धरायला काहीच नाही. पुढं शेवाळलेला तुकडा, पाऊस झाल्यावर मीही तिथं कडेनं जाते. मग आमच्या तीन पायऱ्या, तीन वेगवेगळ्या उंचीच्या. अडीच वर्षं सोबतीशिवाय उंबऱ्याबाहेर न पडलेली बाई हे सगळं एकटी पार करून माझ्यापर्यंत आली होती. ज्या गोष्टीसाठी मी पोती लावली, खडूच्या रेघा ओढल्या, गावभर पत्रकं वाटली, ती गोष्ट माझ्या दारात येऊन उभी होती. तुमचे दोन्ही हात जोडलेले होते. म्हणजे तुम्ही चौकट धरलेली नव्हती. कशालाच धरलेलं नव्हतं. हे मला दिसलं नाही.

बाजारात आला असतात तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, ग्रामसभेत आला असतात तर मथळा केला असता. तुम्ही स्वतः ठरवलेल्या ठिकाणी, स्वतः ठरवलेल्या कामासाठी आलात, म्हणून माझी नजर चुकली.

सोमवारी वर्ग भरला. प्रकाशभाऊंनी गोदामाची किल्ली स्वतः आणून दिली, तेवढं मी तुम्हाला कळवते. ठकूबाई रेघेवर चालल्या. चिडवायला कुणी नव्हतं.

नक्की कशाबद्दल ते सांगा, असं मी तुम्हाला म्हणाले होते. तेव्हा मलाही घाऊक मागून चालणार नाही. तुमचं नाव न विचारता छापलं, याबद्दल. तुमच्या न्हाणीघराचं दार गावासमोर उघडलं, याबद्दल. तू कधी पडली नाहीस का या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, याबद्दल. तुमच्या काउसग्गाला खांब म्हणाले, याबद्दल. दार अडवून उभी राहिले आणि आत या म्हणाले नाही, याबद्दल. हे सगळं कळत केलंय, काकी, नकळत नाही.

नकळत झालं ते एकच. वर्गात माझं काम एवढंच होतं, तुमच्या पावलांकडं बघायचं. तुम्ही वळून आमच्या तीन पायऱ्या उतरलात, तेव्हा मी कागदाकडं बघत होते.